तांब्याचा गुण

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने एक वही लिहून ठेवली. 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' हे तिचं नाव. लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुणालाच माहीत नाही. कोणत्या बंदरात कोणता माल उतरतो, कोणता चढतो, वारा कधी धरायचा, असा सगळा कोरडा व्यापारी मामला. त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं वगैरे. आणि थोडं पुढे, देशावरून भडोचला माल कुठून येतो ते सांगताना दोन गावांची नावं येतात. एक पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं 'तगर' नावाचं फार मोठं शहर. तिथून कापड यायचं म्हणे, साधं जाडंभरडं आणि तलमसुद्धा.

तगर म्हणजे आपलं तेर. फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९०१ साली ते नक्की केलं. गोरोबाकाकांचं तेर, तेरणेच्या काठचं, धाराशिव जिल्ह्यातलं. तिथल्या लामतुरे संग्रहालयात तुम्ही कधी गेला नसाल तर जरूर जा.

पण आज तेरवर लिहायचं नाहीये. मला त्या यादीतल्या तीन धातूंनी अडकवून ठेवलं. तांबं, कथील, शिसं. जहाजातून आलेले हे तीन धातू दोन हजार वर्षांनी एका भलत्याच यादीत पुन्हा शेजारी-शेजारी बसले, आणि त्या दुसऱ्या यादीचा आमच्या जिल्ह्याशी कदाचित पहिल्या यादीपेक्षा जवळचा संबंध लागू शकतो. कसा, ते सांगतो. जरा लांबून यावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा :-)

विषय आहे कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आपण जो उच्छ्वासातून सोडतो, गाडीच्या धुराड्यातून सोडतो, आणि ज्याच्यामुळे पृथ्वी तापते म्हणून हल्ली रोज पेपरात नाव येतं, तो. या वायूत वीज घालून त्याचं पुन्हा इंधन करायचं, असा एक उद्योग शास्त्रज्ञ दीडशे वर्षं करताहेत. ऐकायला जादू वाटते. पण विचार केला तर सोपं आहे. लाकूड जाळलं की उष्णता मिळते आणि कर्बवायू उरतो. तीच वाट उलटी चालायची. कर्बवायूला ऊर्जा परत द्यायची आणि त्याच्याकडून इंधन परत घ्यायचं. झाडं हेच करतात, सूर्यप्रकाशात. माणसाला तेच विजेवर करायचं आहे.

गंमत म्हणजे या वायूची नीट ओळख माणसाला झाली तीच मुळी दारूच्या भट्टीपाशी. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५० च्या दशकात तो वायू चुनखडीत 'कोंडलेला' असतो हे दाखवलं होतं. पुढे १७६७ साली जोसेफ प्रीस्टली नावाचा पाद्री इंग्लंडात लीड्सला राहायला गेला, तर शेजारी बिअरचा कारखाना. आंबणाऱ्या पिंपांवर या वायूचा जाड थर तरंगत असायचा, पेटती काडी नेली की विझायची. प्रीस्टलीला फुकटात हवा तेवढा वायू मिळाला. त्यातून त्याने सोडावॉटर करायची रीत काढली आणि १७७२ मध्ये ती छापली. म्हणजे आपण लग्नात जो सोडा फोडतो त्याचं मूळ भट्टीत आहे. हे भट्टीचं लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

१८०० साली इटलीच्या व्होल्टाने जस्त आणि चांदीच्या (किंवा तांब्याच्या) चकत्या एकावर एक रचून पहिली बॅटरी केली. त्याच वर्षी इंग्लंडात निकल्सन आणि कार्लाइल यांनी असल्याच बॅटरीच्या तारा पाण्यात बुडवल्या तर बुडबुडे आले. पाण्याचा हायड्रोजन एका तारेवर, प्राणवायू दुसरीवर. विजेने पदार्थ फोडता येतो, हे कळलं. मग जो तो जे सापडेल त्यात तारा बुडवायला लागला.

त्यातच १८७० साली रॉयर नावाच्या फ्रेंच माणसाने कर्बवायू विरघळवलेल्या पाण्यात जस्ताची पट्टी बुडवून वीज सोडली. पाण्यात फॉर्मिक आम्ल सापडलं. फॉर्मिक म्हणजे मुंगीचं. मुंगी चावल्यावर जी आग होते ती याचीच. एकेकाळी लोक मुंग्या उकळून ते काढत असत. रॉयरने ते हवेतल्या वायूपासून काढलं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या अंकात टिपण छापून आलं आणि... काही झालं नाही. होणार तरी काय? एडिसनचा दिवासुद्धा अजून नऊ वर्षं लांब होता. वीज ही चैनीची चीज होती आणि मुंगीचं आम्ल कुणाला हवं होतं?

मला या इतिहासाचं नवल वाटतं ते याचं. शोध लागतो, पण त्याची गरज लागेपर्यंत तो पडून राहतो. आपल्याकडे माळ्यावर पितळी भांडी पडून असतात तसा. अधूनमधून कुणीतरी येऊन धूळ झटकतं. १९०४-०५ च्या सुमारास जर्मनीत दोघा-तिघांनी झटकली. १९१४ साली फ्रान्झ फिशर आणि प्रिझिया यांनी वायूचा दाब खूप वाढवून तोच प्रयोग केला आणि आम्ल जास्त मिळालं. आता या फिशरची गोष्ट पाहा. हाच माणूस पुढे ट्रॉप्शबरोबर दगडी कोळशापासून द्रव इंधन करण्याची पद्धत शोधून १९२० च्या दशकात जगप्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात तेल नसलेल्या जर्मनीने या आणि अशा पद्धतींनी कोळशाचं पेट्रोल केलं. ज्याच्या हातात कर्बवायूचं इंधन करण्याचं सूत होतं, तोच कोळशाकडे वळला. त्याला दोष देता येत नाही. कोळसा जमिनीत तयार पडलेला होता, आणि त्याचं शेवटी काय होतं याची चिंता तेव्हा कुणालाच नव्हती.

पुढची साठ वर्षं तेल इतकं स्वस्त होतं की कुणी धूळसुद्धा झटकली नाही म्हटलं तरी चालेल. १९५४ साली टीटर आणि व्हॅन रिसेलबर्ग यांनी पाऱ्यावर प्रयोग केले, पण ते इंधनासाठी नव्हते. वीज आणि रसायनाचा मेळ कसा बसतो ते समजून घेण्यासाठी होते.

मग आला १९७३ चा ऑक्टोबर. अरब देशांनी तेलाचा नळ आवळला. काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपासून बाराच्या आसपास गेला. आपल्याकडेही त्या काळच्या रॉकेलच्या रांगा थोरल्यांना आठवत असतील. पण सगळ्यात जास्त घाबरला जपान. त्यांच्याकडे तेलाचा ठिपूस नाही. मग जपानी प्रयोगशाळांतून 'तेलाशिवाय काय' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, आणि टोकियोजवळच्या चिबा विद्यापीठात योशिओ होरी नावाचे प्राध्यापक एका साध्या कामाला बसले.

काम असं. एकेक धातूची पट्टी घ्यायची. कर्बवायू भरलेल्या, थोड्या खाऱ्या पाण्यात बुडवायची. ठरावीक वीज सोडायची. आणि वायूत काय आलं, पाण्यात काय उतरलं ते मोजायचं. यात नवीन काय? नवीन होता तो हिशोब. किती वीज आत गेली आणि त्यातली कोणत्या पदार्थात किती गेली, याची जमा-खर्चाची वही शेवटच्या पैपर्यंत जुळली पाहिजे हा होरींचा आग्रह. आमच्या गावच्या जुन्या दुकानदारासारखा!

१९८५ साली होरी, किकुची आणि सुझुकी यांनी या वहीतलं पहिलं पान छापलं. धातूंचे सरळ गट पडले होते.

शिसं, कथील, कॅडमियम, इंडियम यांच्यावर मुंगीचं आम्ल होतं.
सोनं आणि चांदी यांच्यावर कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे अर्धवट जळलेल्या कोळशातून निघतो तो विषारी (पण कारखान्यात फार उपयोगाचा) वायू. जस्तही पुढे याच गटात गेलं.
लोखंड आणि निकेल हे धातू जवळजवळ काहीच करत नाहीत, नुसता पाण्याचा हायड्रोजन काढत बसतात. प्लॅटिनमही त्यांच्याच पंक्तीतलं.
आणि तांबं?

तांब्यावर मिथेन आला. गोबरगॅसमधला मिथेन! पुढच्या वर्षी इथिलीनही आला, ज्याच्यापासून प्लास्टिक होतं तो. पाणी बर्फाइतकं थंड ठेवलं तर मिथेन जास्त, कोमट केलं तर मिथेन उतरतो आणि इथिलीन चढतो. मागाहून अल्कोहोलही सापडलं. इतक्या धातूंत तांबं एकटंच असं निघालं, आणि आज चाळीस वर्षांनंतरही नुसत्या धातूंमध्ये त्याच्या जोडीला बसेल असा दुसरा सापडलेला नाही.

असं का, हे समजायला मला एक घरगुती उदाहरण सुचलं. समजा, कर्बवायू हा पाहुणा आहे. धातूवर येऊन तो आधी एक प्राणवायू टाकून देतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. सोनं-चांदी ही शहरी घरं. चहा झाला की पाहुण्याला निरोप. तो कार्बन मोनॉक्साइड म्हणूनच निघून जातो. प्लॅटिनम, निकेल, लोखंड हे दुसऱ्या टोकाचे. पाहुण्याला इतकं घट्ट धरून ठेवतात की तोच ओसरी अडवून बसतो, मग नवा पाहुणा येणार कुठून. तांब्याची पकड बेताची. पाहुणा जेवेपर्यंत थांबतो, शेजारच्या पाहुण्याशी ओळख होते, दोघांची सोयरीकही जुळते (दोन कार्बन जोडले जातात), हायड्रोजन येऊन चिकटतो, आणि मग दोघं मिळून वेगळ्याच रूपात घराबाहेर पडतात. कथील आणि शिसं यांच्या घरी पाहुणा वेगळ्याच दाराने येतो. प्राणवायू टाकून न देता थेट मुंगीचं आम्ल होऊन जातो.

रसायनशास्त्र शिकवणारी मंडळी मला माफ करतील अशी आशा आहे. पण मुद्दा एवढाच की गुण हा पकडीचा आहे. फार ढिली नको, फार घट्ट नको.

होरींचे निकाल आले तेव्हा सगळ्यांना सहज जमले असं नाही. अनेकांनी तांब्याची पट्टी बुडवली, सुरुवातीला मिथेन आला, आणि अर्ध्या तासात बंद. नुसता हायड्रोजन. तांबं 'मरतं' असं लोक म्हणू लागले. यावर होरींनी कित्येक वर्षं काम केलं आणि २००५ मध्ये सविस्तर लिहिलं. तांबं मरत नाही, पाणी मळकं असतं. प्रयोगशाळेतल्या शुद्ध म्हणवणाऱ्या क्षारातही लोखंडाचे, जस्ताचे अगदी लेशमात्र कण असतात. वीज सुरू झाली की ते येऊन तांब्यावर बसतात आणि तांब्याचं तांबेपण झाकतात. आधी पाण्यातून ते काढून टाका, तांबं चालू राहतं.

हे वाचताना मला कल्हई आठवली. लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला, त्याचा भाता, नवसागराचा धूर आणि भांड्यात फिरवलेला कथलाचा तो चकाकणारा हात. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट कळकू नये म्हणून आपण त्यावर कथील चढवतो. म्हणजे तांब्याचा स्वभाव झाकतो. अलीकडच्या संशोधकांनी नेमकं हेच इलेक्ट्रोडवर करून पाहिलं. तांब्यावर कथलाचा अगदी पातळ थर दिला तर मिथेन-इथिलीन बंद होऊन कार्बन मोनॉक्साइड मिळतो. थर जाड केला तर कथलाचा मूळ गुण वर येतो आणि मुंगीचं आम्ल मिळतं. आमच्या कल्हईवाल्याला हे सांगितलं असतं तर त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नसतं. भांडं आत काय आहे यापेक्षा वर काय चढवलंय त्यावर वागतं, हे तो पोटासाठी शिकला होता.

असो. विषयांतर पुरे.

१९९० च्या दशकात पृथ्वी तापते आहे ही गोष्ट विज्ञानाच्या अंकांतून राजकारणात आली, १९९७ चा क्योटो करार झाला, आणि होरींच्या वहीकडे जग पुन्हा वळलं. आता कारण तेलाच्या टंचाईचं नव्हतं, तेलाच्या धुराचं होतं. २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केंड्रा कूल आणि सहकाऱ्यांनी तांब्यावर तयार होणारे एकूण सोळा पदार्थ मोजून दाखवले. त्याच कूल पुढे एका कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाल्या, आणि त्या कंपनीने कर्बवायूपासून विमानाचं इंधन करायचं काम हाती घेतलं. २०१८ साली टोरँटोच्या सार्जंट यांच्या गटाने तांब्यावर शंभरातले सत्तर इलेक्ट्रॉन एकट्या इथिलीनकडे वळवले आणि तो संच दीडशे तास चालवला.

दीडशे तास म्हणजे साधारण सहा दिवस. साखर कारखान्याचा एक हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो. आणि धंद्यात उतरायचं तर यंत्र वर्षानुवर्षं चाललं पाहिजे. शिवाय एक नवीच अडचण. ज्या अल्कलीच्या पाण्यात तांबं चांगलं काम करतं, तेच पाणी कर्बवायूला गिळून त्याचा कार्बोनेट करून टाकतं. निम्म्याहून जास्त वायू असा क्षारात अडकतो, आणि ते क्षार इलेक्ट्रोडच्या छिद्रांत साचून रस्ता बंद करतात. इकडून ओढलं की तिकडून सुटतं.

आता आपल्या मुलखाकडे येऊ.

२०२१ सालची दोन चित्रं शेजारी ठेवा. २० एप्रिल २०२१ ला मंगळावर, 'पर्सिव्हरन्स' गाडीच्या पोटातल्या टोस्टरएवढ्या 'मॉक्सी' नावाच्या यंत्राने तिथल्या हवेतला कर्बवायू विजेने फोडून ५.४ ग्रॅम प्राणवायू काढला. मंगळाची हवा जवळजवळ सगळी कर्बवायूचीच. रॉयरच्या पट्टीचंच हे नातवंड, फक्त तापमान आठशे अंशांच्या घरात आणि पाण्याऐवजी सिरॅमिकची चकती. २०२३ पर्यंत सोळा खेपांत त्याने एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू काढला.

आणि त्याच उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, प्राणवायूसाठी लोक जिवाच्या आकांताने धावत होते तेव्हा कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरफार करून हवेतून प्राणवायू वेगळा काढायला सुरुवात केली. साखर कारखान्यात असं करण्याचा देशातला पहिला प्रयोग म्हणून त्याच्या बातम्या झाल्या. यात इलेक्ट्रोड वगैरे काही नव्हतं, नुसती हवा गाळून नत्रवायू बाजूला करायचा. पण मला त्यातली गोष्ट महत्त्वाची वाटते ती ही की ऊस गाळणाऱ्या कारखान्यातल्या माणसांना वायूंचं काम नवीन नाही. गरज पडली तर ते शिकतात, आणि पटकन शिकतात.

आता ते भट्टीचं. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी किंवा रस आंबवतात. साखरेच्या एका रेणूपासून (ग्लुकोज धरा) अल्कोहोलचे दोन रेणू आणि कर्बवायूचे दोन रेणू निघतात. वजनाने पाहिलं तर जवळजवळ सारखेच. एक लिटर इथेनॉलमागे साधारण पाऊण किलो कर्बवायू. तीस हजार लिटर रोजची डिस्टिलरी असेल तर रोज बावीस-तेवीस टन! आणि हा वायू चांगला शुद्ध. औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यात तो शंभरात बारा-पंधरा भाग असतो, तो गाळून वेगळा काढण्यातच निम्मा खर्च आणि शक्ती जाते. फर्मेंटरवर तो तयारच असतो, प्रीस्टलीच्या पिंपांवर होता तसा. काही ठिकाणी तो धरून सोड्यासाठी नाहीतर सुक्या बर्फासाठी विकतात. बाकीचा जातो आकाशात.

दुसरीकडे आपल्या जिल्ह्यात भूम, वाशी, कळंब, तुळजापूर या भागांत माळावर पवनचक्क्या फिरताहेत आणि सौर पट्ट्या बसताहेत. शुद्ध कर्बवायू आहे. वारा आहे, ऊन तर आहेच आहे. मग?

मी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. कर्बवायूपासून एक लिटर इथेनॉल करायचं, तीन व्होल्टवर संच चालवायचा, आणि एकही इलेक्ट्रॉन वाया जात नाही असं (अगदी लबाडीने) धरायचं. तरी वीज लागते साडेसोळा युनिट. त्या लिटरभर इथेनॉलमध्ये ऊर्जा असते सहा युनिटपेक्षा किंचित कमी. म्हणजे साडेसोळा घालायचे आणि सहा काढायचे. प्रत्यक्षात निम्मे इलेक्ट्रॉन भलतीकडे जातील, मग तेहेतीस घाला. पाच रुपये युनिटने वीज धरली तर सगळं उत्तम चाललं तरी नुसत्या विजेचे ऐंशी-ब्याऐंशी रुपये होतात. २०२४-२५ च्या हंगामात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला सरकारने ठरवलेला भाव होता ६५ रुपये ६१ पैसे. दुपारच्या उन्हातली वीज अडीच-तीन रुपयांनी मिळाली तर गणित जवळ येतं, पण मग यंत्र दिवसातले काही तासच चालणार. आणि त्या तेवीस टन कर्बवायूचा पूर्ण निकाल लावायचा तर, दोन मेगावॉटच्या किमान वीस पवनचक्क्या रात्रंदिवस त्याच्याच दिमतीला हव्यात.

तेव्हा कुणी येऊन "हवेपासून फुकट इंधन" असं सांगू लागला तर त्याला दारातूनच नमस्कार करावा. फुकट काही नाही. ही बॅटरी भरण्याची एक महागडी रीत आहे, एवढंच. वीज थेट गाडीत भरता येत असेल तर तीच भरावी. पण विमान विजेवर उडत नाही आणि प्लास्टिक, औषधं, रंग हे विजेचे होत नाहीत. कार्बन लागतोच. प्रश्न तो कुठून आणायचा याचा आहे.

आणि इथे मला खरी अस्वस्थ करणारी गोष्ट येते. पाणी.

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात आकडा आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, बहुतेक सगळं शेतात. आमचा जिल्हा कोणता, तर टँकर ज्याच्या पाचवीला पुजलेला. शेजारच्या लातूरला (१९८२ पर्यंत तेही याच जिल्ह्यात होतं) २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच मुलखात आपण ऊस पिकवतो, कारण दुसऱ्या कुठल्या पिकाला बांधलेला भाव आणि दारात येणारी तोडणीची टोळी मिळत नाही. यावर बाहेरच्या लोकांनी शेतकऱ्याला शहाणपण शिकवणं मला कधीच पटलेलं नाही. ज्याची लेक लग्नाला आलीय त्याने उसाऐवजी हरभरा का नाही लावला, हे पुण्यात बसून विचारणं सोपं आहे.

पण आता हे पाहा. इलेक्ट्रोडवर कर्बवायूचं इथेनॉल होताना जे पाणी प्रत्यक्ष खर्ची पडतं ते लिटरमागे एक लिटरपेक्षाही कमी. यंत्र थंड ठेवायला वगैरे आणखी लागेल, पण कुठे २,८६० आणि कुठे हे. आणि ग्लुकोजच्या त्या दोन कर्बवायूंचा तिसरा अल्कोहोल रेणू करता आला, तर तेवढ्याच उसापासून दीडपट इथेनॉल. दुसऱ्या शब्दांत, तेवढंच इथेनॉल दोन-तृतीयांश उसात. उरलेल्या एक-तृतीयांश फडाचं पाणी विहिरीत राहील. वर दुसऱ्या इलेक्ट्रोडवर लिटरमागे दीड किलोहून जास्त प्राणवायू निघेल तो वेगळाच. चोराखळीत २०२१ ला जो जिवाच्या मोलाचा होता तोच.

हे सगळं 'झालं तर' आहे, हे मी परत सांगतो. तांबं आजही अल्कोहोलपेक्षा इथिलीनच जास्त देतं, आणि जे अल्कोहोल देतं ते पाण्यात इतकं पातळ असतं की ते गाळण्यातच निम्मा जीव जाईल. पण कामं चालू आहेत, आणि फार दूर नाहीत. मुंबईच्या आयआयटीत २०२२ पासून कर्बवायू पकडून वापरण्याचं राष्ट्रीय केंद्र आहे. मुंबईच्याच रसायन तंत्रज्ञान संस्थेचे (जुन्या लोकांसाठी यूडीसीटी) प्रा. गणपती यादव, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचे, कर्बवायूकडे कचरा म्हणून नाही तर कच्चा माल म्हणून पाहा असं कित्येक वर्षं सांगताहेत. त्यांची वाट थोडी वेगळी. आधी पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि मग कर्बवायूशी जुळवून मिथेनॉल किंवा डायमिथाइल इथर करायचं. तिथे हायड्रोजन काढण्याच्या ज्या एका पद्धतीवर काम झालं, ती चालते तांबं आणि क्लोरीन यांच्या फेऱ्यावर. पुन्हा तांबंच! त्या संस्थेची एक शाखा २०१८ पासून मराठवाड्यात, जालन्याला आहे.

आणि कर्बवायूचा कच्चा माल करणं आपल्याला अगदीच नवीन आहे असंही नाही. युरियाची गोणी पाठीवर वाहणाऱ्या प्रत्येकाने तो वाहिलाय. अमोनिया आणि कर्बवायू यांच्यापासूनच युरिया होतो. १९२० च्या दशकात जर्मनीत त्याचा कारखाना निघाला तेव्हा, आमच्या कळंब-परंड्याच्या ज्वारीला तो मिळेल असं कुणाच्या स्वप्नातही नसेल.

पेरिप्लसवाल्या व्यापाऱ्याने तांबं, कथील, शिसं या तीन धातूंची नोंद केली ती बोजांच्या हिशोबासाठी. होरींनी केली ती इलेक्ट्रॉनच्या हिशोबासाठी. दोघांच्याही वहीत एक चांगली सवय आहे, जे आलं ते आणि जे गेलं ते, दोन्ही लिहायचं. आपल्याकडे योजना येतात त्यात जमेची बाजू मोठ्या अक्षरांत असते आणि खर्चाची बाजू, त्यातही पाण्याची, लिहिलेलीच नसते. माझी एवढीच इच्छा आहे की उद्या खरोखरच कुणी धाराशिवच्या माळावर असला कारखाना घेऊन आला, तर पवनचक्कीखाली ज्याची जमीन गेली त्याने आणि ज्याच्या उसाचा तो वायू आहे त्याने त्या वहीतली दोन्ही पानं वाचायला मागावीत.

गावाकडच्या काका-मामा मंडळींनो, तुमच्या कारखान्याच्या डिस्टिलरीत फर्मेंटरवरचा वायू धरतात की सोडतात, हे जरा विचारून सांगाल का? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.